एटीकेटी लागली

संबलपूरच्या अलीकडे, जंगलात
२० ऑगस्ट १९८८

प्रमिला,

चौथीत गुरुजी पत्राचा मायना शिकवत होते तेव्हा मी शाळेमागे बोरं झोडत होतो. म्हणून मायना सोडतो आणि सरळ बोलतो. आशीर्वाद बठ्ठे घे, लागतील तेवढे.

पोस्टवाल्या जीवरामदादाच्या पत्रातून कळलं की तू धुळ्याला पोचली, देवपुरात खोली मिळाली आणि डिप्लोमाला इलेक्ट्रिकलच मिळालं. मी लगेच गँगमधल्या सगळ्यांना चहा पाजला. आमच्या गँगमध्ये खान्देशचे आम्ही दोघंच, मी आणि पारोळ्याकडचा पितांबर. बाकी बिहारी नाहीतर तेलुगू. त्यांना समजेना की बहीण शाळेत गेली तर चहा कशाचा. मी म्हटलं, शाळा नाही रे बाबांनो, कॉलेज. तीन वर्षांनी ती इथे छत्रीखाली खुर्ची टाकून बसेल आणि मी टावरवरून ओरडेन, "म्याडम, पुढची वायर ओढू का?"

आबांना तुला डीएडला घालायचं होतं. इलेक्ट्रिकलचा हट्ट माझा. आमच्या लाईनवर एक साहेब येतो, माझ्याच वयाचा. तो कागद उलगडतो, बोट दाखवतो आणि निघून जातो. दिवसभरात त्याचा शर्ट मळत नाही. तेव्हाच मी ठरवलं की आपल्या घरातलं एक माणूस तरी त्या कागदाच्या बाजूला उभं पाहिजे.

आबांची अट तुला पाठ असेलच. एकदा जरी नापास झाली तरी ट्रंक घेऊन घरी यायचं आणि फुईच्या पुनाशी लगीन. भावाची पोर सून म्हणून न्यायला फुई टपूनच बसली शे. पुना माणूस वाईट नाही, पण त्याला म्हशीशिवाय कोणाशी बोलता येत नाही.

आणखी एक. मी स्टोअरला बसून नट-बोल्ट वाटतो असं घरी सांगितलंय. वर चढतो हे तुझ्या तोंडून निघायला नको. मायला घास गिळायचा नाही.

पत्र स्टोअरच्या पत्त्यावर टाक. जीप आली की मिळतं. कॅम्प हलला की ते आमच्या मागे फिरत बसतं. मला एका जागी राहवत नाही हे तुला माहीत आहेच, आता पत्रांनाही तीच सवय लागली.

हिलाल

•

देवपूर, धुळे
१२ सप्टेंबर १९८८

प्रिय भाऊ,

तुझे पत्र मिळाले. दोनदा वाचले.

खोली चांगली आहे. घरमालकीण लताबाई. सातला दाराची कडी लावतात आणि मग उशीर झालेल्या मुलीला खिडकीतून सगळे विचारून घेतात, कुठे होतीस, कोण होते, काय खाल्लेस. पण भाकरी गरम देतात. खोलीत आम्ही तिघी. वर्गात मुली चारच आहोत.

पहिल्या दिवशी सरांनी एकेकाला उभे करून नाव-गाव विचारले. माझ्या तोंडून निघाले, "मी प्रमिला शे." सगळा वर्ग हसला. सरही हसले, पण त्यांनी खडूच्या डबीत बघितले. तेव्हापासून एक मुलगा मला शे म्हणूनच हाक मारतो. आता मी शे म्हणत नाही, आहे म्हणते. दिवसभर आहे आहे म्हणून संध्याकाळी तोंड दुखते.

शिकवणे सगळे इंग्रजीत. दहावीला जे बल होते ते इथे फोर्स झाले. मी तो फोर्स पकडेपर्यंत फळा पुसलेला असतो.

बाकी सर्व ठीक आहे. घरी काही लिहू नकोस.

तुझी,
प्रमिला

•

कॅम्प तोच
९ ऑक्टोबर १९८८

प्रमिला,

"बाकी सर्व ठीक आहे" हे वाचून जीव भांड्यात पडला. त्याआधीचं वाचून मात्र हात शिवशिवला. कोण तो पोऱ्या? मी तिथे असतो तर त्याला पांझरेच्या पाण्यात उभा करून शंभर वेळा शे म्हणायला लावलं असतं. पण मी पडलो इथे. इथून त्याला फेकून मारायला माझ्याजवळ नुसती शाई आहे.

इंग्रजीचं मनावर घेऊ नको. मी सांगतो तसं कर. आमचा फोरमन तेलुगू. पहिले कितीतरी महिने तो काय बोलतो त्यातलं एक अक्षर मला समजत नव्हतं. मी काय केलं? मान हलवली. तो बोलला की मान हलवायची आणि शेजारच्याच्या हाताकडे बघायचं. तो पाना उचलतो तर आपण पाना उचलायचा. तो दोर सोडतो तर आपण दोर सोडायचा. करता करता बठ्ठं आलं. विचारायचं मात्र नाही. विचारलं की त्यांना कळतं याला काही येत नाही, मग खड्डे खणायला लावतात. माझ्याबरोबर आलेला एक जण सारखा विचारायचा, तो अजून खड्ड्यातच आहे.

तू हुशार. तुला दोन महिने पुरे.

हिलाल

•

देवपूर, धुळे
४ डिसेंबर १९८८

प्रिय भाऊ,

तू सांगितल्याप्रमाणे करते आहे. सर विचारतात, "समजलं?" तेव्हा पहिली मान माझी हलते. मेकॅनिक्सचे सर परवा म्हणाले, "या मुलीचं लक्ष असतं बघा." मला शे म्हणणारा मुलगासुद्धा मागे वळून बघायला लागला.

ड्रॉइंगच्या मोठ्या शीट काढायच्या असतात. त्याची इथे एक पद्धत आहे. दुसऱ्याची चांगली शीट काचेवर ठेवायची, काचेखाली बल्ब लावायचा, वर आपला कोरा कागद आणि रेषेवर रेष ओढायची. त्याला जीटी मारणे म्हणतात. शेजारच्याच्या हाताकडे बघ म्हणाला होतास, तेच हे. माझ्या शीटवर सरांनी लाल पेनाने गुड लिहिले. तीच आकृती बल्ब नसताना काढ म्हटले तर पेन्सिल जागची हलत नाही.

दिवाळीला ती शीट घरी नेली होती. आबांनी भाकरीच्या पिठाची खळ करून ती भिंतीला चिकटवली. माणसे बघायला आली. एका म्हातारबाबांनी विचारले, हे कोणते यंत्र? मी सांगितले, यंत्र नाही, नट आहे, तीन बाजूंनी काढलेला. आबा म्हणाले, "दखा, एका नटला तीन-तीन बाजूंनी दखस मन्ही पोर!"

भाऊ, तू एकदा येशील का? दोन दिवस आलास तरी चालेल. काम काही नाही, उगीच.

तुझी,
प्रमिला

•

अंगुलजवळ
२६ फेब्रुवारी १९८९

प्रमिला,

तुझं डिसेंबरचं पत्र आज हातात पडलं. कॅम्प हलला, पत्र आधी जुन्या जागी गेलं, तिथून स्टोअरला, स्टोअरमध्ये कोणाच्या तरी गादीखाली. पाकीट हळदीने पिवळं झालंय, म्हणजे स्वयंपाक्याच्या गादीखाली असेल.

शीट भिंतीला चिकटवली ते वाचून मी वर बसून एकटाच हसत होतो. खालून फोरमन शिव्या देत होता. मी मान हलवली.

येणं जमत नाही. पावसाआधी लाईन चालू करायची म्हणून कोणालाच सुट्टी नाही. काही कारण असतं तर भांडलो असतो, पळून आलो असतो. पण तूच लिहिलं की काम नाही, उगीच. उगीचला सुट्टी देत नाहीत गं. आणि तुझी मान हलते, शीटला गुड मिळतं, मग मी येऊन करू काय? तुझ्या पुस्तकातलं मला चित्रसुद्धा समजायचं नाही.

इथे या महिन्यात एक गोष्ट झाली. ती लिहीत नाही. भेटल्यावर सांगेन.

परीक्षेआधी लिही. मी वाट बघतो.

हिलाल

•

(पोस्टकार्ड)
देवपूर, धुळे
२७ जून १९८९

प्रिय भाऊ,

निकाल लागला. मला दोन विषयांत एटीकेटी लागली, मॅथ्स आणि मेकॅनिक्स. आबांना अजून काही सांगितलेले नाही. कसे सांगावे कळत नाही. तूच सांग. कार्ड लताबाई पेटीत टाकणार आहेत म्हणून जास्त लिहीत नाही.

प्रमिला

•

अंगुलजवळ
१० जुलै १९८९

अगं ए बाई!

कार्ड घेऊन मी कॅम्पभर नाचलो. आधी कबूल करतो, एटीकेटी काय ते मला माहीत नव्हतं. पितांबरला विचारलं. तो दहावीला दोनदा बसलेला, म्हणजे आमच्यातला पंडितच. तो म्हणाला, "लागली लिहिलंय ना? मग चांगलंच असणार. माणसाला नोकरी लागते, लॉटरी लागते, हळद लागते."

मी म्हटलं, "ठेचसुद्धा लागते."

तो म्हणाला, "तू गप रे! आयटीआय, एमएसईबी, एटीकेटी. इंग्रजी अक्षरं अशी ओळीने उभी राहिली की समजायचं सरकारी आहे."

आणि दोन विषयांत! मॅथ्स म्हणजे गणित, ते मला कळलं. आपल्या घराण्यात गणितात कोणाला कधी काय लागलंय? मला तर गुरुजींची छडी लागायची.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आपल्या तोंडाने आपलं कौतुक सांगायला लाजते. लिहिलं, तूच सांग. सांगितलं! त्याच दिवशी आबांना पत्र लिहून ड्रायव्हरच्या हातात दिलं. तुझ्या कार्डातला शब्द जसाच्या तसा उतरवला, जीवरामदादाला वाचायला चुकू नये म्हणून मोठ्या अक्षरात.

आता फुईला म्हणावं, म्हैस आणि पुना दोघांना घेऊन दुसरीकडे बघ.

हिलाल

•

टाकळी, ता. एरंडोल
२१ जुलै १९८९

चि. हिलाल,

तुझे वडील रुपचंद आबा समोर बसले आहेत, ते सांगतात आणि मी जीवराम पोस्टवाला लिहितो.

तुझे पत्र मिळाले. मारुतीच्या ओट्यावर मी ते मोठ्याने वाचले. आबांनी पुन्हा वाचायला लावले. मग धरणगावाहून पेढे आणले आणि घरटी वाटले. आबा सांगतात की लिही, तुझी माय सुंदरबाई हिने शेजारणीला पेढा देताना एटीकेटी हा शब्द न चुकता म्हटला. आबांनी दोनदा प्रयत्न केला, त्यांना जमला नाही. ते म्हणतात, पोरीला ती विजेची पदवी लागली.

फुईला निरोप गेला की पोर पुढे शिकणार, पुनासाठी दुसरीकडे बघावे. प्रमिलाला रविवारी घरी बोलावले आहे. कशासाठी ते कळवलेले नाही. माय ओवाळणार आहे.

आबा म्हणतात, तू सांगितलेस म्हणून तिला पाठवले, तुझे ऐकले ते बरे झाले. असे ते तुझ्याबद्दल प्रथमच म्हणाले, म्हणून मुद्दाम लिहिले.

आबांच्या सांगण्यावरून,
जीवराम

ता. क. हे माझे स्वतःचे. एटीकेटी दरमहा मिळते की वर्षाची एकदम, आणि अर्ज कोठे करावा, ते कळवणे. माझ्या भाच्यालाही लावून घ्यायची आहे.

•

टाकळी
२५ जुलै १९८९

भाऊ,

एटीकेटी म्हणजे नापास.

आधी हेच लिहायला हवे होते. उघड्या कार्डावर तो शब्द लिहवला नाही. लताबाई कार्ड वाचल्याशिवाय टाकत नाहीत. कसे सांगावे ते तूच मला सांग, असे विचारले होते मी. तू आबांनाच सांगितलेस. तुझे नाचण्याचे पत्र मी इकडे निघाले त्याच दिवशी आले. एसटीत बसून वाचले आणि एरंडोल येईपर्यंत विचार करत होते की उतरून परत फिरावे का.

गावात उतरले तर मुले मागे लागली. दारात रांगोळी होती. माय तबक घेऊन उभी. तिने कुंकू लावले आणि तोंडात पेढा घातला. तोंडात पेढा होता म्हणून मला बोलता आले नाही, असे मी स्वतःला सांगते. पण पेढा गिळल्यावरही मी बोलले नाही. आबा सगळ्यांच्या मध्ये बसले होते, धुतलेली टोपी घालून. त्यांना इतके हसताना मी कधी पाहिलेले नव्हते. कसे बोलणार?

सरपंचांचा जावई भुसावळहून आलेला. त्याने विचारले, "कशात लागली?" आबा म्हणाले, "दोन इशयमा." तो म्हणाला, "अहो आबा, पोरगी दोन विषयांत गचकली, त्याचे पेढे वाटता?" आधी कोणीच हसले नाही. मग एक जण हसला. मग सगळेच.

आबा रागावले नाहीत. उरलेल्या पेढ्यांचा पुडा त्यांनी बांधला, सुतळीची गाठ मारली आणि आत नेऊन ठेवला. संध्याकाळी मी त्यांना समजावले की दोन विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू देतात, ते दोन पेपर ऑक्टोबरमध्ये पुन्हा द्यायचे. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पास का नापास?" मी मान हलवली. होची की नाहीची, मलाच समजले नाही.

काल जीवरामदादा देवपूरहून माझी ट्रंक घेऊन आले. आज फुई आली आहे. स्वयंपाकघरात मायशी हळू बोलते आहे.

भाऊ, मी वर्षभर कोणाला काही विचारले नाही. सर चांगले होते, विचारले असते तर सांगितले असते. माझी मान हललेली बघून तेही पुढे जात राहिले.

दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायची शेवटची तारीख सोळा ऑगस्ट आहे. तुझ्याशिवाय आबा कोणाचे ऐकणार नाहीत. आता तुझेही ऐकतील की नाही माहीत नाही.

प्रमिला

•

अंगुलजवळ
४ ऑगस्ट १९८९

आबा,

पाया पडतो. टोपी घालून तुम्ही मधोमध बसला होता हे वाचल्यापासून जेवण गेलं नाही. शब्द मी पाठवला. अर्थ न विचारता पाठवला. हसायचं तर गावाने मला हसावं, पोरीला काय म्हणून?

आणि वर्षभर मान हलवत जा, विचारू नको, हे पण मीच तिला शिकवलं. टावरवर जे चालतं ते वर्गात चालेल असं वाटलं.

काल आमच्या साहेबाकडे गेलो. तोच, छत्रीवाला. म्हटलं, साहेब, एटीकेटी लागली तर पोरगी वाया गेली का? तो हसत सुटला. म्हणाला, "मलाही लागली होती, तीन विषयांत. आमच्या घरी पेढे नाही वाटले, बापाने चप्पल काढली." आबा, तोच माणूस आज आम्हाला कागद दाखवतो आणि आम्ही त्याप्रमाणे वायर ओढतो.

मी माझ्या कामाचं सांगतो म्हणजे तुम्हाला पटेल. टावर उभा करताना कधी कधी दोन बोल्ट कमी पडतात. माल आलेला नसतो. म्हणून कोणी टावर पाडत नाही. साहेब वहीत लिहून ठेवतो की इथे दोन बोल्ट टाकायचे आहेत, आणि काम पुढे जातं. माल आला की टाकतात. टावर तोवर उभाच असतो. एटीकेटी म्हणजे तेवढंच. प्रमिलाचे दोन बोल्ट ऑक्टोबरात पडतील.

सोळा तारखेच्या आत तिला देवपूरला नेऊन सोडा. मी इथून धावत निघालो तरी तारखेला पोचेन असं वाटत नाही, आणि हे सोडून निघालो तर परत घेणार नाहीत. मग तिची खोली, जेवण, पुस्तकं कशावर? पत्राच्या हातून एवढंच करता येतं. कोणाच्या पाया पडल्याने पत्र लवकर पोचत असेल तर त्याच्याही पडलो असतो.

तुमचा,
हिलाल

•

टाकळी
१२ ऑगस्ट १९८९

चि. हिलाल,

तुझे पत्र आज आले. या वेळी ओट्यावर वाचले नाही, आबांच्या घरात बसून वाचले. आबा म्हणाले, मी बोलस तसंच लिख, तुन्हं शुद्ध-बिद्ध त्यामा घालू नको. म्हणून तसेच लिहितो.

"हिलाल, तू लिखस की दोन बोल्ट कमी ऱ्हायनात तरी टावर उभा ऱ्हास. मी एकच इचारस. त्या टावरवर तू सोता चढशी का? खरं सांग. मंग मी पोरनं दखस."

एवढेच बोलले आणि उठून गेले.

जीवराम

ता. क. फुईकडचे लोक श्रावण संपला की सुपारी फोडायला येतो म्हणतात. हे आबांनी सांगितलेले नाही, मी लिहितो आहे.

•

अंगुलजवळ
२४ ऑगस्ट १९८९

आबा,

तुमचं पत्र आज मिळालं. सोळा तारीख गेली. तिकडे काय झालं मला काही माहीत नाही. तुम्ही तिला नेलं की नाही, सुपारी ठरली की नाही, कोणाला विचारू? इथे झाडं आहेत आणि पितांबर आहे. तो म्हणतो, आता उत्तर देऊन उपयोग काय? पण तुम्ही खरं सांग म्हणालात. उशीर झाला तरी कुठे फॉर्म घेत असतील, साहेब म्हणतो दंड भरून घेतात कधी कधी. म्हणून लिहितो.

दोन दिवस कागद घेऊन बसलो असतो तर काही तरी गोड लिहिता आलं असतं. पण जीप तासाभरात निघते.

चढतो, आबा. रोज चढतो. मी स्टोअरला कधीच नव्हतो. पहिल्या दिवसापासून वरच आहे. खालून बघितलं तर माणूस चिमणीएवढा दिसतो, तेवढ्या उंचीवर. बोल्ट कमी असलेल्या टावरवरही चढतो. टावरच्या आडव्या लोखंडी हातावर बसून डबा खातो. मला तिथेच बरं वाटतं, खाली जीव रमत नाही, खोटं कशाला बोलू.

फेब्रुवारीत आमच्यातला एक पडला. बिहारचा, छपऱ्याचा होता, नवीन लग्न झालेला. तुम्ही बोल्टचं विचारलं म्हणून सांगतो, त्याच्या टावरचे बठ्ठे बोल्ट जागेवर होते. एक पण कमी नव्हता. सकाळचं दव होतं, बूट घसरला. बोल्ट कमी असल्याने माणूस पडत नाही, आबा.

म्हणून तिला जाऊ द्या.

हिलाल

•

देवपूर, धुळे
१२ सप्टेंबर १९८९

भाऊ,

वरचे गाव वाचलेसच. मी चौदा ऑगस्टपासून इथे आहे.

तुला प्रश्न लिहायला सांगून आबा त्या दिवशी उठून गेले ते एरंडोल रस्त्याला, मोठ्या लाईनचा टावर आहे ना, तिथे. माय म्हणाली, दुपारभर आले नाहीत. कोणाच्या तरी कपाशीत उभे राहून वर बघत होते. शेतवाल्याने हटकले, "आबा, काय हरपनं का वर?" घरी आले तेव्हा मान दुखत होती. मायला तेल लावायला सांगितले आणि म्हणाले, "पोरनी ट्रंक भर." तुझ्या उत्तराची वाट त्यांनी बघितली नाही. एसटीत पारोळ्यापर्यंत खिडकीतून विजेच्या तारा बघत होते. मग म्हणाले, "जमीनवर बशीसनी खाता येई असं काही शिक." फॉर्मवर अंगठा दिला. फुईला त्यांनी स्वतः जाऊन सांगितले, ती अजून बोलत नाही.

म्हणजे तुझे पत्र आले तेव्हा सगळे झालेले होते. तू खरे लिहिलेस त्याची गरजच उरली नव्हती. इथे पोचले त्याच दिवशी तुला कळवले असते तर, असे मनात येते. पण पत्र तरी तुला कधी मिळाले असते?

तुझे ते पत्र जीवरामदादांनी सवयीने ओट्यावरच वाचायला घेतले, त्यांनीच मला कळवले. छपऱ्याच्या माणसापाशी आले आणि थांबले. तोवर उशीर झाला होता, माय पाणी भरून येताना तिथेच उभी होती. आता ती सगळ्यांना वाढते आणि स्वतः ताट घेत नाही. आबा म्हणतात, उतरून ये असे त्याला लिहा. दुसऱ्या दिवशी म्हणतात, लिहू नका, पोरीचे काय होईल. माझ्यासमोर म्हणत नाहीत, पण मला कळते. मी इथे बसून तारेतून वीज कशी जाते ते शिकते आणि तार तू धरलेली आहेस.

मी आता वर्गात विचारते. परवा मेकॅनिक्सचे सर म्हणाले, "अगं, हे तर पहिल्या महिन्यातलं आहे." मी म्हटले, हो सर, तेच मला समजलेले नाही. त्यांनी सुट्टी झाल्यावर थांबवून शिकवले. ऑक्टोबरात मेकॅनिक्स सुटेल असे वाटते. मॅथ्सचे सांगता येत नाही.

तुला उतर म्हणायला मला तोंड नाही. उतरू नको असेही मी म्हणू शकत नाही.

गेल्या रविवारी आबा अचानक इथे आले. लताबाईंच्या ओट्यावर बसले, आत या म्हटले तरी आले नाहीत. बराच वेळ टोपी काढून मांडीवर फिरवत होते. मग म्हणाले, "प्रमिला, तू कालेजमा शिकस, तुले माहीत ऱ्हाई. तुम्हले एकदा चुकनं तरी परत बसू देतस. वर चढणाऱ्याले बी एटीकेटी लागस का?"

लताबाईंनी चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरली. ते म्हणाले, "जाऊ दे, मी असंच इचारं," आणि टोपी घालून स्टँडकडे निघाले.

प्रमिला